आमी ऱ्हातो, तुमी जावा

सोमवार, दि. ३ फेब्रुवारी २०२५. सकाळी ९ वाजून १० मिनिटे.

विमानाच्या तिकिटाला लॅमिनेशन करीत होतो. तेवढ्यात चिंतामणकाका आले आणि म्हणाले, "शिवतेज, तिकीट मोबाइलवर दाखवलं तरी चालतं." मी म्हटले, मोबाइल बंद पडला तर? "मग झेरॉक्स काढ." झेरॉक्स तीन काढल्या आहेतच. लॅमिनेशन त्याशिवाय.

प्रसंग मोठा असल्यामुळे नवी वही सुरू केली आहे. काकांचे विश्रामबागेत टायपिंगचे आणि झेरॉक्सचे दुकान आहे. मी तेथे नऊ वर्षे प्रतिज्ञापत्रे, भाडेकरार आणि अर्ज टाइप करतो. दहावीच्या बीजगणिताने मला तीनदा परत पाठवले, पण शुद्धलेखनात मला कोणी धरू शकत नाही. काकांनी पहिल्याच दिवशी शिकवले होते की, जबाब देणाऱ्याचे शब्द बदलायचे नाहीत. तो जसा बोलला तसाच उतरवायचा. या वहीतही तोच नियम पाळीन.

प्रसंग असा : रविवारी, ९ तारखेला, त्रिशूर (केरळ) येथे मुलगी पाहायला जायचे आहे. मुलीचे वडील तानाजीराव मूळचे माण तालुक्यातले. वीस वर्षांपासून त्रिशूरला त्यांचे गलाईचे दुकान आहे, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याचे. लग्नसराईत दुकान बंद ठेवता येत नाही, म्हणून मुलाकडच्यांनीच यावे, असा निरोप आहे. मुलगी सोनिया, बारावी झालेली, दुकानाचा हिशोब पाहते. तानाजीरावांना विश्वासू आणि नीट लिहिणारा जावई हवा आहे. विट्याचे आणखी एक स्थळ त्यांच्याकडे आले आहे, पण आधी मान आपला.

माझे वय अठ्ठावीस पूर्ण. आतापर्यंत पाच स्थळांनी नकार दिला. कारणे : १) मुलगा पुण्यात नाही. २) मुलगा पुण्यात नाही. ३) जमीन कोरडवाहू. ४) मुलगा पुण्यात नाही. पाचव्यांनी "कळवतो" म्हटले, त्याला चौदा महिने झाले.

बरोबर आई येणार. वडील गेल्यावर आईने आटपाडीच्या पुढच्या माळावरून कोकणापर्यंत मेंढरांमागे पायी चालून मला वाढवले. विमान तिने आजवर खालूनच पाहिले आहे.

गुरुवार, दि. ६ फेब्रुवारी.

पुण्याहून त्रिशूरजवळच्या विमानतळाला जाणारे विमान उद्या दुपारी ३ वाजून ५ मिनिटांनी आहे. वाटेत काहीही होऊ शकते, म्हणून आजच साताऱ्याला बनुमावशीकडे मुक्कामाला आलो.

सांगली-सातारा एसटीत कराडला एक गरोदर बाई चढली. आईने उठल्यासारखे केले.

"बस बाई, मी ऱ्हाते हुबी."

"नको मावशी, उंब्रजलाच उतरायचंय."

"आगं बस की."

"न्हाई वो, तुमी बसा."

"बघ बाई," असे म्हणून आई पुन्हा टेकली. तोपर्यंत पलीकडच्या सीटवरचा कॉलेजचा मुलगा शरमून उठला आणि बाईला जागा मिळाली. हे संभाषण आई प्रत्येक प्रवासात करते. आजवर तिची जागा गेलेली नाही.

साताऱ्यात कंदी पेढे एक किलो घेतले. आईने वजन दोनदा करायला लावले.

शुक्रवार, दि. ७ फेब्रुवारी. पुणे विमानतळ. सायंकाळी ४ वाजून २० मिनिटे.

विमान गेले. आम्ही येथेच आहोत. 

साडेनऊलाच पोहोचलो होतो. सामान दिले, तपासणी झाली, आईचा अडकित्ता काढून घेतला. गेटजवळ आम्ही पहिल्या दोन खुर्च्यांवर बसलो. अडीच वाजता गेटवरच्या मुलीने सांगितले की जागांपेक्षा तिकिटे जास्त गेली आहेत, दोन प्रवासी कमी करावे लागतील. कोणी आपखुशीने उद्याच्या विमानाने जाण्यास तयार आहे का? कोणी मान वर केली नाही. टेबलापाशी एक बाई रडकुंडीला येऊन उभी होती. तिच्या कडेवर तान्हे मूल, शेजारी तिची म्हातारी आई. त्या दोघींनाच जागा मिळाली नव्हती.

आई उठली. तिचे शब्द जसेच्या तसे : "जाऊ द्या त्या लेकुरवाळीला. आमी ऱ्हातो, तुमी जावा."

गेटवरची मुलगी मराठीच होती. ती म्हणाली, "थँक्यू सो मच आजी!" आणि आमचे बोर्डिंग पास आईच्या हातातून घेतले.

आई हात तसाच पुढे धरून उभी राहिली. ती लेकुरवाळी "नको नको" म्हणेल, म्हणून ती तिच्याकडे पाहत होती. लेकुरवाळीने आईच्या पायाला हात लावला, एक पेढा घेतला आणि ती विमानात गेली.

मग त्या मुलीने माझ्यापुढे एक टॅब धरला. त्यावर इंग्रजी मजकूर होता आणि खाली सहीची जागा. माझ्या नावाचे स्पेलिंग चुकले होते. मी ते तिच्याकडून दुरुस्त करून घेतले, पुन्हा तपासले आणि सही केली. त्यानंतर दिलेले सामान परत मिळाले, खाण्याची दोन कुपने मिळाली आणि उद्या दुपारी दीडच्या विमानाच्या दोन जागा.

आई अजून म्हणते आहे, "एकदा म्हणलं की घ्यायचं असतं व्हय? आँ? कुठल्या गावची पद्धत म्हणायची ही?"

त्याच दिवशी. ४ वाजून ५० मिनिटे.

तानाजीरावांना फोन केला. संभाषण पुढीलप्रमाणे.

मी : "मामा, आजच्या विमानात जागा मिळाली नाही. उद्या दीडचे विमान देतो म्हणतात."

तानाजीराव : "आरारारा! लय हाल झालं की वो तुमचं. मग आता कशाला दगदग करताय? ऱ्हाऊ द्या की. बरोबर वयस्कर माणूस हाय. आमचं काय, आमी हितंच हाय. परत कवातरी निवांत या."

मी : "बरं."

 ते म्हणाले, "बरं?"

मी पुन्हा म्हटले, "बरं."

फोन ठेवला. एकूण ५२ सेकंद.

आईने विचारले, "काय म्हणलं पाव्हणं?" मी सारांश सांगितला : येऊ नका म्हणाले. आई बराच वेळ पिशवीच्या बंदाशी चाळा करीत बसली. मग म्हणाली, "मग चल घरला. बोलवत न्हाईत तितं आपुन कशाला जायाचं?"

सहावे स्थळ. कारण : विमान.

शनिवार, दि. ८ फेब्रुवारी. सांगली.

पहाटे घरी पोहोचलो. दुपारी केरळच्या नंबरावरून तीन फोन आले : ३.४०, ४.२५ आणि ५.१० वाजता. उचलले नाहीत. नकार एकदा ऐकला तेवढा पुरे.

आईने साडी ट्रंकेत ठेवली. पेढे गल्लीत वाटले. कशाचे, असे लोक विचारत होते. आई म्हणाली, "इमान बघून आलो."

सोमवार, दि. १० फेब्रुवारी.

चिंतामणकाकांना सर्व सांगितले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. असे ते फक्त खटल्याचा वास आला की करतात.

"म्हणजे तिकीट पक्कं, तुम्ही वेळेवर हजर, आणि तरी बसू दिलं नाही?"

"हो."

"अरे मग पैसे मिळतात, गाढवा! सरकारचा नियम आहे."

काकांनी विमान खात्याचा नियम छापून काढला आणि मला मराठीत सांगितला. तो असा. कंपनी जागांपेक्षा जास्त तिकिटे विकू शकते. पण माणसे जास्त झाली तर तिने आधी आपखुशीने थांबणारे शोधले पाहिजेत. त्यांना काय द्यायचे ते कंपनीच्या मर्जीवर. मात्र कोणाला त्याच्या मनाविरुद्ध मागे ठेवले तर भरपाई द्यावी लागते. तासाभरात दुसरे विमान दिले तर काही नाही. चोवीस तासांच्या आत दिले तर मूळ भाड्याच्या दुप्पट, दहा हजारांपर्यंत. त्याहून उशीर झाला तर चौपट, वीस हजारांपर्यंत.

आमचे मूळ भाडे माणशी ४,६००. दुसरे विमान २२ तास २५ मिनिटांनी. म्हणजे माणशी ९,२००, दोघांचे मिळून १८,४००.

"फक्त एक सांग," काका म्हणाले. "तुम्ही आपण होऊन तर उतरला नाहीत ना?"

मी आईचे शब्द वहीतून वाचून दाखवले. काकांनी चष्मा कपाळावरून खाली आणला.

बुधवार, दि. १२ फेब्रुवारी.

जेवणाच्या सुट्टीत तक्रार लिहितो आहे. दोन दिवसांत चार मसुदे झाले. मुख्य परिच्छेद असा : "सदर उद्गार हे शिष्टाचारापोटी काढण्यात आलेले असून, आमच्या भागातील रूढीनुसार असे उद्गार समोरील व्यक्तीने किमान दोन वेळा नाकारणे अपेक्षित असते. सबब पहिल्याच उद्गारास संमती समजणे हे अन्यायकारक आहे."

काका म्हणाले, "भाषा उत्तम आहे. हरशील."

संध्याकाळी आईचा जबाब घेतला.

प्रश्न : तू जागा स्वखुशीने सोडलीस का?

उत्तर : "म्हणलं मी. सोडली न्हाई."

प्रश्न : म्हणणे आणि सोडणे यांत फरक काय?

उत्तर : "तू कुणाकडं गेलास आन् त्येनी म्हणलं जेवून जा, तर तू लगीच ताटावर बसतोस व्हय?"

मी विचार केला. हो, मी बसतो. लोक माझ्याकडे पाहतात, हे माझ्या लक्षात आले आहे; पण भूक लागल्यावर बसू नये, याचे कारण मला कोणी सांगितलेले नाही. हे जबाबात घेतले नाही.

शुक्रवार, दि. १४ फेब्रुवारी.

तक्रार कंपनीला पाठवली. सरकारच्या तक्रार पोर्टलवरही टाकली. कंपनीचे नाव येथे लिहीत नाही, कारण प्रकरण चालू आहे.

रात्री आठ वाजता अनोळखी नंबरावरून संदेश आला : "मी सोनिया. पोचला का घरी? पपा फोन करत हुते." थोड्या वेळाने दुसरा : "त्या शनवारी आमी साडेतीनपास्न विमानतळावर हुतो. आई, पपा, मी. पपांनी तुमच्या नावाची पाटी धरली हुती. दोन विमानं बघितली. जाऊ द्या."

हा संदेश अकरा वेळा वाचला. ज्यांनी येऊ नका म्हटले, ते विमानतळावर कशासाठी जातील? पाटी कशासाठी धरतील? एकच शक्यता दिसते : माझे "बरं" त्यांना नीट ऐकू गेले नसावे. पण मी ते दोनदा म्हटले होते. बहुधा ते दुसऱ्या कोणाला घ्यायला गेले असावेत आणि पाटी जाता जाता केली असावी.

उत्तर पाठवले : "संदेश मिळाला. आभारी आहे. आपला, शिवतेज सरगर."

तिने ते पाहिले. मग "टाइप करत आहे" असे सहा मिनिटे दिसत होते. शेवटी फक्त अंगठ्याचे चित्र आले.

सोमवार, दि. १७ फेब्रुवारी.

कंपनीचे उत्तर आले. इंग्रजीत आहे, काकांनी समजावले. सदर प्रवाशांनी आपखुशीने जागा सोडली. दुसऱ्या दिवशीच्या विमानाला ते आले नाहीत, यास कंपनी जबाबदार नाही. सोबत मी सही केलेल्या फॉर्मची प्रत. फॉर्मचे पहिलेच वाक्य : "मी माझी जागा स्वेच्छेने सोडीत आहे."

शेवटी त्यांनी लिहिले आहे, "प्रवाशाने फॉर्म इतका काळजीपूर्वक वाचला की नावातील चूकही दुरुस्त करून घेतली."

काका बराच वेळ हसले. मग म्हणाले, "शिवतेज, तू नावाची अक्षरं तपासलीस आणि वरचं वाक्य सोडून दिलंस?" वरच्या वाक्यात एकही चूक नव्हती, त्यामुळे लक्ष गेले नाही.

बुधवार, दि. १९ फेब्रुवारी.

आज जे घडले ते क्रमाने लिहितो.

काका म्हणाले होते की ग्राहक आयोगात जायचे तर नुकसान नुसते सांगून भागत नाही, त्याचा कागद लावावा लागतो. पाच लाखांच्या आतल्या दाव्याला तेथे शुल्कही नाही. म्हणून मी "जोडपत्र क : विवाहाचे स्थळ हातचे गेल्याबाबत" तयार केले. त्यात तानाजीरावांशी झालेले फोनवरचे संभाषण शब्दशः घातले. आईला लिहिता-वाचता येत नाही, म्हणून सहीचा अंगठा घेण्यापूर्वी तिला सर्व वाचून दाखवले. हाही काकांचाच नियम.

आई तांदूळ निवडत होती. मी वाचले, "मग आता कशाला दगदग करताय? ऱ्हाऊ द्या की."

आईचा हात थांबला. "आसं म्हणलं?"

"हो. पुढे आहे : 'परत कवातरी निवांत या.'"

"आन् तू काय म्हणलास?"

"'बरं.'"

"आन् मग?"

"ते म्हणाले, 'बरं?' मी म्हटले, 'बरं.'"

आईने सूप खाली ठेवले आणि कपाळावर हात मारला. "आरं मुडद्या! ह्यो नकार हाय व्हय? म्हातारं माणूस दमलं आसंल म्हणून त्यो बोलला. तू म्हणायचं, न्हाई न्हाई मामा, येतोच आमी. मग त्यो म्हणतोय, आवं कशाला. मग तू म्हणायचं, दगदग कसली त्यात. मग त्यो म्हणतोय, बरं मग, गाडी घिऊन येतो. येवढं सादं तुला कळंना? त्या इमानातल्या पोरीनं मला केलं, तेच तू त्या माणसाला केलंस की रं!"

मी तिला सोनियाचा संदेश वाचून दाखवला. पाटीपर्यंत आल्यावर तिने पदराने डोळे पुसले आणि ती म्हणाली, "लाव फोन."

फोन स्पीकरवर ठेवून मी बोलणे उतरवून घेतले.

आई : "पाव्हणं, लय चुकलं बघा आमचं. पोरगं शाळा शिकलं न्हाई जास्त. त्येला कागद कळतो, माणूस कळत न्हाई."

तानाजीराव : "आवं तुमचं कशानं चुकतंय? आमीच दोनदा म्हणायला पायजे हुतं."

आई : "तुमी का म्हणावं? आमीच याया पायजे हुतं."

तानाजीराव : "न्हाई न्हाई, चूक आमची."

हे नऊ मिनिटे चालले. शेवटी चूक कोणाची ठरली, ते माझ्या टिपणातून कळत नाही. मग तानाजीराव म्हणाले, "पर आता एक घोटाळा झालाय. तुमी गप बसला, मग त्या इट्याच्या पाव्हण्यांना येत्या रविवारची येळ दिलीया."

आणि आई म्हणाली, शब्दशः : "मग येऊ द्या की त्येंना. आमी ऱ्हातो."

माझ्या हातातले पेन पडले. ते पलंगाखाली गेले, त्यामुळे यापुढचे दोन उद्गार आठवून लिहितो आहे. मी हातवारे करून आईला "नको, नको" सांगत होतो. तिने माझ्याकडे पाठ केली.

तानाजीराव : "छ्या छ्या! आसं कसं? तुमचा मान पयला."

आई : "न्हाई पर त्येंना शबुद दिलाय तुमी."

तानाजीराव : "शबुद तुमालाच आदी दिलता. शनवारी या तुमी. मग त्येंचं बघू."

 आई : "बघा बाई. तुमी म्हणताय तर येतो."

फोन ठेवल्यावर ती पुन्हा तांदूळ निवडू लागली.  मी विचारले, "ते पहिल्यांदाच 'बरं' म्हणाले असते तर?"

"त्यो तुझ्यासारखा न्हाई," आई म्हणाली.

शुक्रवार, दि. २१ फेब्रुवारी. बेंगळूर. दुपारी १२ वाजून १५ मिनिटे.

काकांकडून आठ हजार उसने घेऊन काल संध्याकाळी सांगलीहून स्लीपर बसने निघालो. सकाळी येथे उतरलो. पुढची बस रात्री साडेनऊला आहे. आई वरच्या बर्थवर बसूनच आली. झोपून प्रवास करणे तिला आजारी माणसाचे लक्षण वाटते.

प्रवासात मी आईकडून नीट शिकवणी घेतली आणि नियम वहीच्या मागच्या पानावर लिहून काढला : कोणी काही देऊ केले तर पहिल्यांदा नाही म्हणावे. दुसऱ्यांदा "कशाला उगीच" म्हणावे. तिसऱ्यांदा घ्यावे. नियम सोपा आहे. तो अठ्ठावीस वर्षे मला कोणी सांगितला नाही, याचे आश्चर्य वाटते.

आत्ताच विमान कंपनीचा फोन आला. बाईचा आवाज गोड होता.

"नमस्कार सर, मी अश्लेषा बोलतेय, ग्राहक विभागातून. तुमची तक्रार मी स्वतः वाचली. आजींबद्दलचा परिच्छेद वाचून आम्हा सगळ्यांनाच वाईट वाटलं. नियमात बसत नाही, पण कंपनी सद्‌भावना म्हणून तुम्हाला दहा हजार रुपये देऊ इच्छिते. स्वीकाराल का?"

मी नियमाप्रमाणे म्हटले, "नको, नको."

"नको, सर?"

"कशाला उगीच," मी म्हटले. तिसऱ्यांदा ती आग्रह करील म्हणून वाट पाहिली.

"ठीक आहे, सर. तुमचा मोठेपणा आहे. मग तक्रार बंद करते. आपला दिवस शुभ असो."

आईला सांगितले.  ती म्हणाली, "आरं, ही रीत माणसांत चालती. कंपनीला कुठली आई?"

शनिवार, दि. २२ फेब्रुवारी. त्रिशूर. दुपारी ३ वाजता.

सकाळी तानाजीराव बसस्टँडवर आले होते. उंच, काळेसावळे, बोटांवर आम्लाचे डाग. आईच्या पाया पडले. आईने "आवं, आवं" म्हणून पाय मागे घेतले आणि मग पडू दिले. मी आता अशा गोष्टी मोजतो.

घर दुकानाच्या वर आहे. खाली भट्टी, सोने वितळवण्याच्या मुशी आणि एक लहानसा नाजूक तराजू. पोहे झाले. आई दोनदा "बास" म्हणाली आणि तिने तीनदा घेतले. मग आम्हा दोघांना बोलण्यासाठी खाली दुकानात पाठवले.

सोनिया हिशोबाच्या टेबलामागे बसली. मला समोरच्या गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसवले.

"तुमी 'बरं' का म्हणला?" हा तिचा पहिला प्रश्न.

"मला वाटले, ते नको म्हणत आहेत."

"पपा दीड तास पाटी घिऊन हुबं हुते. दुसरं विमान रिकामं झालं तरी खाली ठिवंनात. म्हणले, गर्दीत मागं ऱ्हायले आसतील."

मी मान खाली घातली. तेव्हा दाराआड टेकवलेली पाटी दिसली. पुठ्ठ्यावर जाड पेनाने लिहिले होते : "शीवतेज सरगर व मातोश्री". शी दीर्घ. पेन माझ्या खिशात होते. मी ते बाहेर काढले नाही.

मग तिने तक्रारीबद्दल विचारले. मी सर्व सांगितले, कालचा फोनही. ती टेबलावर डोके ठेवून हसली. हसणे थांबल्यावर कॅल्क्युलेटर पुढे ओढला.

"दहा हजार त्येंनी आपल्या मनानं द्यायला काढलं हुतं. त्ये तुमी नको म्हणला, गेलं. पर अठरा हजार चारशे तुमी कुटं नको म्हणलाय? त्ये आयोगात मागायचं."

"फॉर्मवर सही आहे."

"आसू द्या. सई करायच्या आदी कुणी तुमाला नियम सांगितला का? न्हाई. मग लिवा तसं. तुमी लिवा, मी हिशोब लावते."

हे मला सुचले नव्हते. तिला तसे म्हटलेही.

त्यानंतर ती सरळ बसली. "आता ऐका. घरात सगळी एकाला चार येळा इचारत्यात. मला त्येचा लय कटाळा हाय. हितं त्रिशूरात नको म्हणलं की ताट उचलून नेत्यात. मी एकदाच इचारणार. मला तुमी पसंत हाय. तुमचं काय?"

माझ्या तोंडातून "न" बाहेर पडला होता. तो कसा पडला, हे मला माहीत आहे, कालची शिकवणी. मी तो तेथेच आवरला आणि म्हटले, "हो." सकाळचे ११ वाजून ४२ मिनिटे झाली होती.

ती म्हणाली, "बरं."

मी म्हटले, "बरं?"

ती पुन्हा म्हणाली, "बरं." आणि वर जाऊन तिने आधी तिच्या वडिलांना विट्याला फोन लावायला सांगितले.

आजअखेर खर्च :
विमानाची तिकिटे, दोन (वाया) : १०,६२४
एसटी, सांगली-सातारा-पुणे व परत (आईचे अर्धे तिकीट) : १,१८६
पुण्यात रिक्षा : ६४०
बस, सांगली-बेंगळूर-त्रिशूर : ४,५००
पेढे, दोनदा : १,१२०
साडी : २,३५०
लॅमिनेशन (काकांनी उसने देताना अखेर धरले) : ३०
एकूण : २०,४५० रुपये.

देणे : चिंतामणकाका, ८,००० रुपये.

येणे : विमान कंपनी, १८,४०० रुपये (सोनियाच्या मते). शून्य (कंपनीच्या मते).

जमा : तानाजीमामांनी परतीच्या बसचे म्हणून ४,५०० रुपये पुढे केले. मी "नको" म्हटले. सोनियाने जिन्यावरून माझ्याकडे पाहिले. घेतले.